एकच कॅमेरा घ्यायचाय: मिररलेस की पाण्यात चालणारा कॉम्पॅक्ट? (मुक्काम गोवा)

रायबंदरकर
नमस्कार मंडळी. कॅमेरा घ्यायचाय आणि एकच घ्यायचाय. बजेट ७० हजार, फार ताणलं तर ७५. गाडी दोन पर्यायांवर येऊन अडलीय.

एक, कॅनन आर५० सारखा मिररलेस (लेन्स बदलता येते असा), सोबत येते ती लेन्स. दोन, ओएम सिस्टीमचा टीजी-७, म्हणजे जुन्या ऑलिंपस टफच्या घराण्यातला, १५ मीटरपर्यंत पाण्यात जाणारा.

काढणार काय? चोडणचे पक्षी (फेरीबोटीचा धक्का घराजवळ, त्यामुळे हे होणारच), पावसातली भटकंती, सांजांव (जूनमधला, विहिरीत उड्या घ्यायचा सण), माशेलचा चिखलकालो, चवथीला गावच्या घरची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळं-पानं) आणि आरत्या. शिवाय मुलगी नुकतीच पोहायला शिकलीय, तिला पाण्यातून बाहेर काढणं मुश्कील.

व्हिडिओवाले सगळे एकमुखाने सांगतात, सेन्सर (आत उजेड टिपतो तो भाग) मोठा घ्या. पण ते राहतात कुठे कोण जाणे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही पाझर फुटतो. अनुभवी लोकांनी सांगावं. मोबाइल आहे, चांगला आहे, कृपया तो सुचवू नये.

पुणेरी_पर्यटक
मोबाइल वापरा.

भाटकार
आला. पहिल्याच प्रतिसादात आला.

खारफुटी
मिररलेस. दुसरा विचारच नको.

चोडणच्या डॉ. सलीम अली अभयारण्यात तुम्ही एक तर पायवाटेवरून बघणार, नाहीतर होडीतून. खंड्या बसतो समोरच्या काठावर. टीजी-७ चा झूम संपतो १०० मिलिमीटरला, त्यात पक्षी म्हणजे निळा ठिपका. आर५० ला ५५-२१० लेन्स लावली तर क्रॉप (सेन्सरच्या आकारामुळे चित्र आणखी जवळ येतं ते) धरून साधारण ३३६ मिलिमीटरचा आवाका मिळतो, आणि तो कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरून ठेवतो. पुढेमागे १००-४०० घेतलीत तर ६४०. तिचं वजनही ६३५ ग्रॅमच आहे, हात भरून येत नाही.

सेन्सरचं म्हणाल तर टीजीचा सेन्सर २८ चौरस मिलिमीटर, आर५० चा ३३० च्या वर. जवळजवळ बारापट. सकाळी साडेसहाला खारफुटीच्या सावलीत हा फरक डोळ्यांना दिसतो, त्याला तज्ज्ञ व्हावं लागत नाही.

माशेलकर
ताई, खंड्याचं ठीक. पण आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर आर५० घेऊन उभ्या राहून दाखवा.

बाहेरच्यांसाठी सांगतो. पोरं, बाप्ये सगळे अंगाला तेल चोपडून चिखलात उतरतात. खेळ चालतात, वरून पाऊस, आणि चिखल कुठून येईल सांगता येत नाही. कडेला प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेले मोठे कॅमेरे घेऊन फोटोग्राफर उभे असतात. त्यांचे फोटो छान येतात, पण सगळे कडेवरून काढलेले. माझा चुलतभाऊ जुना टीजी-६ घेऊन थेट आत असतो. कोणी त्याच्यावर उडी घेतली तरी कॅमेरा हातातच. काचेवर चिखल बसला की बाजूच्या नळाखाली धरतो, अंगठ्याने न पुसता नुसत्या धारेने माती जाऊ देतो (घासली तर वाळूचे कण काच ओरबाडतात), आणि परत आत. त्याच्या फोटोत दात दिसतात, पापणीवरचा चिखल दिसतो. तुमच्या २१० मिलिमीटरला तो येणार नाही असं नाही, पण तो फोटो वेगळा.

खारफुटी
माशेलकर, चिखलकालो वर्षातून एकदा. पक्षी रोज.

माशेलकर
पक्षी रोज, पण रायबंदरकर रोज उठणार का साडेपाचला?

रायबंदरकर
हा प्रश्न आमच्या हिने पढवलेला वाटतो.

डुबकी
मी ग्रांद बेटाकडे पर्यटकांना पाण्याखाली नेतो, पोटापाण्याचा धंदा आहे. दोन गोष्टी.

पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, त्यामुळे टीजीची १५ मीटरची मर्यादा पुरते. पण गोव्याचं पाणी अंदमानचं नव्हे. मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या गाळ आणून ओततात. पाण्यात पांढरे कण तरंगत असतात, आणि फ्लॅश मारला की सगळे कण चमकून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. म्हणून फ्लॅश बंद, आणि माशाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. मधलं पाणी कमी केलं की गढूळपणा कमी. टीजी काचेपासून एक सेंटिमीटरवर फोकस धरतो, तो इथे कामाला येतो. पाचेक मीटरवर लाल रंग विरायला लागतो, त्यासाठी पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंग सावरायची सेटिंग) लावायचा किंवा रॉ मध्ये (नंतर रंग सुधारता येतात अशी कच्ची फाइल) काढायचं. टीजी-७ रॉ देतो. या जातीचे बरेच कॅमेरे देत नव्हते, निकॉनचा डब्ल्यू३०० ३० मीटर जायचा पण फक्त जेपीजी.

मिररलेस पाण्यात न्यायचा तर पाणी न शिरणारा खोका लागतो, आणि चांगला खोका कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. पारदर्शक पिशव्या मिळतात त्यांच्यात ७० हजारांची वस्तू घालून उडी मारायची असेल तर मला बोलवा, वर काढून देईन.

भाटकार
डुबकीबाब, वर काढायचे किती घेता?

पुणेरी_पर्यटक
ॲक्शन कॅमेरा का नाही? गोप्रो तसाच १० मीटर जातो. मोबाइल म्हटलं नाहीये, नोंद घ्यावी.

डुबकी
पोरीच्या उड्यांसाठी उत्तम. पण लेन्स प्रचंड रुंद, झूम नाही, जवळचं धरत नाही. दोन हातांवरचा माणूससुद्धा लांब गेलेला दिसतो. व्हिडिओचं यंत्र आहे ते. यांना फोटो काढायचेत.

आणि मोबाइलचा विषय निघालाच आहे तर: आयपी६८ (पाणी-धूळ रोखायचा दर्जा) ची चाचणी गोड्या पाण्यात होते. ॲपलसुद्धा पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही. शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन वेड्यासारखं वागतं. दर हंगामात कोणाचा तरी फोन जातोच, आणि मग तो माणूस बोटीवर बसून माझ्याकडे असा बघतो की जणू समुद्र मीच खारट केला.

कोरडा_डबा
(म्हापशात कॅमेरे दुरुस्त करतो. दुकानाचं नाव विचारू नये, जाहिरात होते.)

वर सगळे पाण्याबद्दल बोलतायत. माझ्या टेबलावर येणाऱ्या मिररलेस आणि डीएसएलआरपैकी पाण्यात पडलेले कमी असतात. जास्त येतात ते कपाटात मेलेले. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत घालून, चेन लावून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवला जातो आणि दसऱ्याला बाहेर निघतो. लेन्समधून टॉर्च मारला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली की बुरशीला एवढंच पुरतं. इथे पावसाळ्यात ९० च्या आसपास असते. ती बुरशी नुसती बसत नाही, आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. मी लेन्स उघडून साफ करतो, पण खाल्लेला लेप परत येत नाही. आणि हो, कॅमेऱ्याची बॅग हीच सगळ्यात वाईट जागा, आतलं फोम ओल धरून ठेवतं.

त्यामुळे मिररलेस घ्यायचा तर ७० हजारांतले काही बाजूला काढा. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, काटा ४५-५० वर. ते नको तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. निळी जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळी करायची. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं.

आता टीजीवाल्यांनी फार हुरळू नये. त्याला दोन झाकणं आहेत, खाली बॅटरी-कार्डाचं आणि बाजूला केबलचं. दोन्हींना कुलूप आहे, दोन्हींच्या कडेला रबराची पातळ पट्टी. त्या पट्टीवर एक केस आला, वाळूचा एक कण आला, की १५ मीटर सोडा, बादलीतसुद्धा पाणी आत जातं. उजेडात तिरकं धरून पट्टी बघायची, कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, मग झाकण दाबायचं आणि कुलूप लागल्याचा खट् आवाज ऐकायचा. समुद्रातून आल्यावर झाकण न उघडता गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा, नुसतं वरवर विसळून मीठ निघत नाही. पट्ट्या दर वर्षी बदलून घ्याव्यात असं कंपनीच सांगते. कोणी बदलत नाही.

आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. दमट हवेत झाकण उघडून बॅटरी बदललीत तर ती दमट हवा आत कोंडली जाते. मग तापलेला कॅमेरा थंड पाण्यात गेला की समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, आणि ती पुसायला बोट आत जात नाही. बॅटरी, कार्ड जे काय ते घरी एसीच्या खोलीत बदलून निघायचं.

रायबंदरकर
कोरडा_डबा, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतो. आमच्याकडे आईचा सल्ला आहे की कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा.

भाटकार
उकडे की सुरय?

कोरडा_डबा
कुठलेही नकोत. तांदळाची पूड बटणांत जाते. तांदूळ जेवायला.

म्हापशेकरीण
तांदळावरून आठवलं, यंदा उकडे तांदूळ बाजारात कोणाकडे चांगले मिळतायत? शुक्रवारच्या बाजारात जो भेटला त्यात खडेच खडे.

माशेलकर
बाय, पाककृती विभाग पलीकडे.

म्हापशेकरीण
विचारलं तर एवढं! बरं, विषयावर येते. आमच्याकडे सोनीचा ए६४०० आहे, मुलाचा. चवथीला घरच्या घुमट (मातीचं तालवाद्य) आरतीचे फोटो त्याने काढले ते बघा, अंधारात ट्यूबलाइटखाली वाजवणाऱ्याची बोटं घुमटावर कशी पडतात तेसुद्धा दिसतं. तोच प्रसंग आमच्या ह्यांनी छोट्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात काढला (टीजी नव्हे, दुसरा होता), तर सगळे भुतासारखे हललेले. फ्लॅश मारला तर माटोळीतली सगळी फळं सपाट आणि मागे भिंतीवर काळी सावली.

खारफुटी
अगदी हेच! टीजीची लेन्स एफ/२ (उजेड आत घेणाऱ्या भोकाचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं) आहे म्हणून फसू नका. एवढ्याशा सेन्सरवरचं एफ/२ म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबात फार लहान भोक. आर५० ची साधी किट लेन्सही त्याच्या पुढे जाते, आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ लावलीत तर प्रश्नच मिटला.

म्हापशेकरीण, मुलाला एक सांगा: आवाज होऊ नये म्हणून सायलेंट शटर लावला असेल तर ट्यूबलाइट-एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. मेकॅनिकल शटर आणि १/१०० ठेवायचं.

म्हापशेकरीण
पट्टे आलेत काही फोटोंत! तो म्हणत होता कार्ड खराब झालंय. नवीन कार्ड मागत होता.

भाटकार
पोरगा हुशार आहे.

कुलागर
सत्तरी तालुक्यात राहतो, पावसाळ्यात रात्री बेडकांच्या मागे फिरतो. माझ्याकडे मिररलेस आणि १०० मिलिमीटर मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) आहे, आणि टीजी-६ सुद्धा. जून-जुलैत घराबाहेर पडताना हात आपसूक टीजीकडे जातो.

मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं करतो. त्याच्यापाशी जायचं म्हणजे गुडघाभर ओढ्यात, वर पानांतून टपटप, एका हातात टॉर्च. मोठा कॅमेरा आणि छत्री एकत्र धरायला तिसरा हात लागतो. टीजीला पुढे एलईडीचं कडं लावता येतं, टॉर्चच्या उजेडाची गरज संपते. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) आहे, भुईछत्र्यांसाठी मस्त चालतं, हलणाऱ्या बेडकाला चालत नाही. फोटो छापायला ए४ पर्यंत छान. त्याहून मोठा केला की पानांचा हिरवा रंग चिखल होतो, हे मान्य करायला हवं.

पण मंडळी, बेडूक हातात घेऊन, नीट बसवून फोटो काढू नका. त्यांच्या कातडीला आपल्या हाताचं मीठ आणि डासांचं औषध सोसत नाही.

खारफुटी
कुलागर, तुम्ही दोन्ही ठेवून आहात, म्हणून तुमचं चालतं. यांना एकच घ्यायचाय.

पुणेरी_पर्यटक
मला एक कळत नाही. गोव्यात पावसाळ्यात समुद्रात उतरू देत नाहीत, डायव्हिंग बंद. म्हणजे पाण्याखालचे फोटो ऑक्टोबर ते मे. आणि त्याच महिन्यांत हवा त्यामानाने कोरडी, मिररलेसला धोका कमी. मग पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ कशाला? चांगली छत्री घ्या.

डुबकी
इतका वेळ उगाच हसत होतो याच्यावर. मुद्दा आहे.

माशेलकर
मुद्दा अर्धाच आहे. पावसाळ्यात समुद्र बंद, विहिरी चालू! २४ जूनला सांजांव, शिवोलीला होड्या, डोक्यावर फुलापानांचे कोपेल, जावयांना विहिरीत ढकलणं. छत्री घेऊन विहिरीच्या काठावर उभे राहा, छत्रीसकट आत जाल. व्हिव्हा सांजांव!

भाटकार
जावई नसला तरी ढकलतात. फेणी कोणाचं नातं विचारत नाही.

रायबंदरकर
विचार करतोय. मधला मार्ग म्हणून कोणी ओएम-५ (ओएम सिस्टीमचाच मिररलेस) सुचवला व्यनित (खासगी निरोपात). पावसात चालतो म्हणे.

कोरडा_डबा
ओएम-५ आयपी५३ आहे. म्हणजे वरून आणि तिरका पडणारा पाऊस झेलेल, पाण्यात बुडवायचा नाही. आणि लेन्सही तशीच सीलबंद हवी, नाहीतर जोडावर पाणी जातं. दोन्ही मिळून तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. आर५० ला तर सील नाहीच. पण पावसात नेणारे शॉवर कॅप घालून नेतात आणि परत आणतात, मी बघितलंय. खारा वारा जास्त वाईट. मोरजीच्या वाळूत लेन्स बदलू नका म्हणजे झालं.

संपादक
तांदूळ, फेणी आणि म्हापशेकरणीच्या मुलाचं कार्ड हे तिन्ही उपविषय आवरते घ्यावेत. धागा चांगला चाललाय.

कुलागर
रायबंदरकरबाब, एक सुचवू? सल्ला बाजूला ठेवा. मोबाइलमधले गेल्या पावसापासूनचे फोटो उघडा आणि बघा कसले आहेत. आपल्याला वाटतं आपण पक्षी काढणार. फोनमध्ये पक्षी आहेत का?

रायबंदरकर
बसलो काल रात्री. पक्षी जवळजवळ नाहीतच, एक घार आहे, तीही वायरवर. मुलीचे ढीगभर, त्यातले अर्धे ओले. पावसाचे भरपूर, पण सगळे खिडकीतून किंवा गाडीतून काढलेले, काचेवर वायपरसकट. सांजांवचा एकही नाही, कारण दरवर्षी फोन घरी ठेवून जातो. चवथीचे आहेत आणि ते खरंच भयाण आहेत, म्हापशेकरीण म्हणतात तसेच.

खारफुटी
फोनमध्ये पक्षी नाहीत कारण फोनने पक्षी काढता येत नाहीत! हा कसला पुरावा? मासे पकडायला जाळं नाही म्हणून मासे आवडत नाहीत असं ठरवणार का?

कुलागर
हे बरोबर आहे ताई. पण पावसाचेही फोनने काढता येत नाहीत, तरी त्यांनी खिडकीतून काढलेच. ओढ तिकडे दिसते.

खारफुटी
हं. घारीवर पाणी सोडते. पण चवथीचं काय?

म्हापशेकरीण
चवथीला आमच्या मुलाला बोलवा. कार्डाचे पैसे त्याला द्या.

रायबंदरकर
टीजी-७ वर मन बसतंय. पण नवा घ्यावा की जुना टीजी-६? फरक फार नाही असं वाचलं. नव्यात यूएसबी-सी आणि उभा व्हिडिओ, सेन्सर तोच. जुना स्वस्तात मिळाला तर उरलेल्या पैशांत पुढच्या वर्षी जुना मिररलेस बघता येईल, मग ताईंबरोबर होडीत बसायला तोंड राहील.

कोरडा_डबा
फरक तुम्ही म्हणता तेवढाच. पण या जातीचा कॅमेरा जुना घेताना दहादा विचार करावा. मिररलेस जुना घेतला तर लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी दिसते. टीजीत पूर्वी पाणी जाऊन गेलं असेल तर बाहेरून कळत नाही. झाकणं उघडून स्क्रूंवर गंज आणि कडेला पांढरी-हिरवी पूड बघायची. घासलेली पट्टी, वाकलेलं झाकण असेल तर हात जोडायचे. आणि घेतलाच तर दोन्ही पट्ट्या बदलेपर्यंत पाण्यात नेऊ नका, मालक कितीही शपथा घेवो.

नवे घ्यायचे तर पर्यायही उरलेत मोजके. निकॉन, पॅनासॉनिक, फुजी या धंद्यातून उठले. टीजी-७, पेंटॅक्सचे डब्ल्यूजी मालिकेतले, कोडॅकचा डब्ल्यूपीझेड२, असे थोडेच. त्यात रॉ हवं तर टीजी.

डुबकी
नवा घ्या. पहिल्यांदा पाण्यात नेताना बादलीत बघा, मग तळ्यात, मग माझ्याकडे.

खारफुटी
मी हरले असं कोणी समजू नये. रायबंदरकर, रविवारी सकाळची पहिली फेरीबोट धरा, माझी ५५-२१० आणि जुनी बॉडी हातात देते. खंड्या समोर आला की बोलू.

रायबंदरकर
पहिली म्हणजे किती वाजता?

माशेलकर
बघा, मी म्हटलं नव्हतं?

पुणेरी_पर्यटक
चांगल्या अवस्थेतला टीजी-६ कोणी विकतंय का? पुण्यात पोचता करावा लागेल. व्यनि करा.

संपादक
खरेदी-विक्रीसाठी वेगळा विभाग आहे.

भाटकार
शेवटी मोबाइलवाल्यालाच हवाय.